पावतीवर न लिहिलेली रक्कम : पागडी, भाडेकरू आणि गिरगाव



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, ‘सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता भाडेकरू आणि घरमालकांच्या भांडणात कुठे शिरताय?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की आमचं बालपण खोताच्या वाडीच्या तोंडाशी असलेल्या एका चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत गेलं. खरं काय आणि खोटं काय, शब्द कुणाचा आणि पुरावा कशाचा, हे प्रश्न आम्हाला पहिल्यांदा पुस्तकात भेटले नाहीत. महिन्याच्या पाच तारखेला मेहताजी जी भाडेपावती फाडून देत असे, तिच्यावर भेटले. त्या पावतीवर लिहिलेलं सगळं खरं होतं आणि तरी पावती खोटं बोलत होती. ते कसं, तेच आज सांगायचं आहे.

आधी जागा समजून घेऊ. खोताची वाडी हे नाव दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांवरून पडलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्याकडे इथली जमीन होती आणि तिचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांनी घेऊन त्यावर घरं बांधली. लाकडी व्हरांडे, बाहेरून जिना, उतरती कौलं. कधीकाळी अशी पासष्टेक घरं होती असं सांगतात; आज निम्मीही उरलेली नाहीत. मुंबईच्या जुन्या वाड्यांमधून एक गोष्ट पुष्कळदा आढळते. जमीन एकाची, तिच्यावरचं घर दुसऱ्याचं, घरातली खोली तिसऱ्याकडे आणि त्या खोलीतला पोटभाडेकरू चौथा. एकाच चार भिंतींवर चौघांचा हक्क, आणि चौघांचीही पक्की खात्री की ‘हे घर आमचं’. भांडणाचं बी इथेच आहे.

‘खोत’ हा शब्दही विसरू नका. कोकणात खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामधला वसुली करणारा. सारा सरकारात भरायचा आणि कुळाकडून मात्र साऱ्याहून जास्त घ्यायचं, शिवाय वर वेठ. त्याविरुद्ध चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने १९३३ पासून वर्षानुवर्षं संप चालवला आणि १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. आमच्या चाळीतले निम्मे लोक त्याच कोकणातून आलेले. गावाकडे खोताचं देणं चुकवून मुंबईत आले, तर इथे घरमालक आणि त्याचा मेहताजी. ठरलेल्या रकमेच्या वर ‘अजून काही’ द्यावं लागतं, हा अनुभव त्यांना नवा नव्हता. नवं होतं ते त्या ‘अजून काही’चं नाव. शहरात त्याला पागडी म्हणत.

आता कायद्याकडे येऊ. भाडेनियंत्रण ही काही आपल्या समाजवादाची देणगी नाही. ती पहिल्या महायुद्धातून आली. १९१५ साली ग्लासगो शहरात युद्धसामग्रीच्या कारखान्यांमुळे कामगारांची गर्दी झाली आणि घरमालकांनी भाडी वाढवली. पुरुष कामावर आणि आघाडीवर. तेव्हा मेरी बार्बरसारख्या बायकांनी भाडेबंदी पुकारली. वसुलीला येणाऱ्या माणसांना जिन्यातच अडवलं. त्या वर्षाच्या डिसेंबरात ब्रिटिश संसदेला भाडी गोठवणारा कायदा करावा लागला. मुंबईतही युद्धकाळात माणसं वाढली, घरं वाढली नाहीत. १९१८ साली इथेही भाड्यावर युद्धकालीन निर्बंध आले. पुढे १९२० च्या दशकात सरकारने स्वतः बीडीडी चाळी उभारल्या; वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड मिळून २०७ चाळी, एकेक खोली १६० चौरस फुटांची. पण शहराच्या भुकेपुढे तो घास लहानच होता.

दुसरं महायुद्ध आलं, मग फाळणी आली. आणि १९४७ चा तो प्रसिद्ध मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला. १३ फेब्रुवारी १९४८ पासून तो लागू झाला. त्यातल्या चार गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं ते ‘प्रमाण भाडं’, त्याच्या वर घ्यायचं नाही. दुसरी, भाडेकरू ते भाडं भरतोय तोवर कायद्यात सांगितलेल्या कारणांशिवाय त्याला काढायचं नाही. तिसरी, भाड्याची पावती दिलीच पाहिजे. आणि चौथी, आजच्या विषयाची: जागा देण्याबद्दल घरमालकाने वरकड रक्कम घेणं हा गुन्हा, आणि जागा सोडण्याबद्दल भाडेकरूने रक्कम घेणं हाही गुन्हा. तुरुंग आणि दंड दोन्ही.

हेतू उत्तम होता, यात शंका नको. हा कायदा नसता तर गिरगाव, परळ, लालबाग इथली मराठी माणसं १९५० च्या आधीच शहराबाहेर फेकली गेली असती. आम्ही स्वतः या कायद्याच्या छत्राखाली शिकलो, प्राध्यापक झालो. आठ रुपये भाड्याच्या खोलीत राहून वडिलांनी चार मुलं शिकवली. तेव्हा कायद्याला नावं ठेवणं आम्हाला शोभणार नाही. पण त्याने काय घडवलं ते बघावंच लागेल.

इथे मीमांसकांचा देवदत्त मदतीला येतो. तुमच्यापैकी ज्यांनी दर्शनं वाचली आहेत त्यांना तो ठाऊक असेल. देवदत्त लठ्ठ आहे आणि दिवसा जेवत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या. मग त्यांचा मेळ कसा घालायचा? तर तो रात्री जेवत असला पाहिजे. याला अर्थापत्ती म्हणतात; दिसणाऱ्या दोन विसंगत गोष्टी जुळवण्यासाठी न दिसणारी तिसरी गोष्ट मानावी लागते. आता आमची पावती बघा. गिरगावात भर वस्तीत खोली, भाडं आठ रुपये. बाहेर अशा खोलीसाठी माणसं रांगा लावून उभी. तरी खोली रिकामी झाली की ती ठरावीक माणसालाच मिळते. पावतीवर आठ रुपयांखेरीज एक पैचीही नोंद नाही. मेळ कसा घालायचा? देवदत्त रात्री जेवत होता.

ते रात्रीचं जेवण म्हणजे पागडी. नावातही मान बघा, डोक्यावरचं पागोटं. कलकत्त्यात याच व्यवहाराला सलामी म्हणत, तिथेही मानच. माणसाला ज्या गोष्टीची लाज वाटते तिला तो मानाचं नाव देतो. पद्धत अशी रूढ झाली: येणारा भाडेकरू जागेच्या किमतीच्या जवळ जाणारी मोठी रक्कम रोख देई. तिचा मोठा वाटा जाणाऱ्या भाडेकरूचा, आणि साधारण एक तृतीयांश घरमालकाचा. मग घरमालकाने पावती नव्या माणसाच्या नावावर करायची. जुनंच भाडं, जुनीच पावती, नाव तेवढं नवं.

मित्रहो, फसवणूक नेमकी कुठे झाली ते इथे कळतं. येणाऱ्याला सगळे सांगत, ‘खोली तुझी झाली.’ दलाल सांगे, मेहताजी सांगे, सोडून जाणारा सांगे. आणि पावती सांगे, ‘तू महिन्याचा भाडेकरू.’ शब्द एक, कागद दुसरा. आणि कायद्याला दिसतो तो कागद. बरं, खरी रक्कम कागदावर लिहावी, तर लिहिणारा, देणारा, घेणारा सगळेच गोत्यात येणार. म्हणजे ज्या कायद्याने भाडेकरूला वाचवलं, त्याच कायद्याने खरं लिहिण्याची वाट बंद केली. खोटेपणा कुणी शिकवावा लागला नाही. तो व्यवहाराची अट म्हणून आला.

आता घरमालकाचीही बाजू ऐकू या, नाहीतर हे व्याख्यान न राहता चाळ कमिटीचं भाषण होईल. घरमालक म्हणजे प्रत्येक वेळी शेठ नसतो. वाडीत अशी घरं होती, जिथे वरच्या मजल्यावर मालकीणबाई एकट्या राहत आणि खालच्या भाडेकरूंकडून येणाऱ्या भाड्यात वर्षाकाठी कौलंही चाळून होत नसत. भाडं १९४० चं, सुताराची मजुरी आजची. दुरुस्ती कोण करणार? घरं पडू लागली, माणसं दगावू लागली, तेव्हा १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा आला. सेस भरायचा आणि मंडळाने दुरुस्ती करायची. अशा उपकरप्राप्त इमारती होत्या १९,६४२. पुढे हे मंडळ म्हाडात गेलं. १९८६ साली आणखी एक पाऊल पडलं: सत्तर टक्के रहिवासी सोसायटी करून पुढे आले, तर सरकारने इमारत संपादन करून त्यांना द्यावी आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभर पट मोबदला द्यावा. आठ रुपयांच्या खोलीचे आठशे! ज्याने त्या खोलीमागे हजारोंनी पागडी खाल्ली त्याला हे आठशे म्हणजे न्याय वाटेल. ज्या बाईने कधीच पागडी घेतली नाही तिला काय वाटेल? पावती दोघांचीही सारखीच. मालक मंडळी कोर्टात गेली. तो वाद सर्वोच्च न्यायालयात १९९२ पासून पडून होता आणि त्यातला घटनात्मक प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सोडवला: प्रत्येक खासगी मालमत्तेला ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ म्हणता येणार नाही. बत्तीस वर्षं! त्या काळात किती इमारती पडल्या, किती म्हातारे गेले.

भाड्याचं गोठणं मात्र त्याआधीच कोर्टासमोर आलं होतं. १९९७ च्या डिसेंबरात मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की १९४० च्या पातळीवर भाडी धरून ठेवणं आता अवाजवी झालं आहे. कायदा मात्र रद्द केला नाही. त्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपणारच होती, नवा विचार करा एवढंच सांगितलं. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात दरसाल चार टक्के वाढ मिळाली. आणि कलम ५६ ने एका फटक्यात पागडी कायदेशीर केली! जागा देताना, किंवा हस्तांतराला संमती देताना, मालकाने मोबदला घेणं वैध. भाडेकरूने जागा सोडताना घेणंही वैध. बावन्न वर्षं जो गुन्हा होता तो व्यवहार झाला. आता देवदत्ताने दिवसाढवळ्या जेवावं.

पण मागच्या बावन्न वर्षांच्या रात्रींचं काय?

इथे आम्हाला स्वतःकडे यावं लागतं. १९८४ साली आमच्या वडिलांनी, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, ती खोली सोडली आणि आम्ही उपनगरात गेलो. खोली घेतली एका छापखान्यातल्या कंपोझिटरने. तरुण माणूस, नुकतं लग्न झालेलं, बायकोचे दागिने मोडून आणि सोसायटीचं कर्ज काढून ६० हजार आणले. २० हजार मालकाकडे गेले, ४० आमच्याकडे. नोटा आम्हीच मोजल्या. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून आम्ही तेव्हा नीतिशास्त्राचा तास घेत होतो, हेही सांगून टाकतो. त्याने विचारलं, ‘काका, पावती माझ्या नावावर कधी होईल?’ मेहताजी म्हणाला, ‘पुढच्या महिन्यात करू की.’ दादा म्हणाले, ‘काळजी करू नकोस, खोली तुझी झाली.’

तो पुढचा महिना आलाच नाही. मेहताजी भाडं त्याच्याकडून घेई आणि पावती दादांच्या नावाने फाडी. पहिली काही वर्षं तो विचारत राहिला, मग सवय झाली. दादा वारले. मालकाने इमारत विकली. नवा मालक पुनर्विकासाला निघाला आणि पात्र भाडेकरूंची यादी करताना म्हणाला, ‘पावती ज्यांच्या नावावर आहे ते गृहस्थ कुठे आहेत? तुम्ही कोण?’

त्या माणसाकडे अठ्ठावीस वर्षांची विजेची बिलं होती, शिधापत्रिका होती, मतदारयादीत नाव होतं. पण या कागदांनी काय सिद्ध होतं? तो तिथे राहतो, एवढंच. कोणत्या हक्काने राहतो, ते सिद्ध होत नाही. मालकाच्या संमतीशिवाय भाडेकरूने जागा दुसऱ्याला दिली, तर ते जागा खाली करून घेण्याचं कारण ठरतं. संमती तोंडी होती. तिची किंमत २० हजार रुपये होती आणि तिची पावती नव्हती. साक्षीदार उरलो होतो आम्ही.

तो आमच्याकडे आला. ‘सर, तुम्ही होतात तेव्हा. एक प्रतिज्ञापत्र करून द्या.’ घरात चर्चा झाली. धाकटा भाऊ म्हणाला, ‘दादांनी रोख घेतली, ती तेव्हा गुन्हा होती. मेलेल्या बापाचं नाव कोर्टात कशाला?’ आम्हीही म्हणालो, बघू. बघू म्हणत सहा महिने काढले. मेहताजीने जे ‘पुढच्या महिन्यात’ म्हटलं होतं, तेच आम्ही दुसऱ्या शब्दांत म्हणत होतो, हे आमच्या लक्षात यायला सहा महिने लागले. मग गेलो, जे घडलं ते लिहून दिलं. रक्कम लिहिली, वाटा लिहिला, नोटा कुणी मोजल्या तेही लिहिलं. त्याचं नाव यादीत लागलं. इमारत अजून उभी राहायची आहे.

कायद्यात एक जुनं तत्त्व आहे: बेकायदा व्यवहारात दोघेही सारखेच दोषी असतील, तर कोर्ट कुणालाच हात देत नाही. पण दोघे खरंच सारखे असतात का? १९८६ साली बिहारच्या एका खटल्यात, मोहम्मद सलीमुद्दीन विरुद्ध मिस्री लाल, हाच प्रश्न आला. भाडेकरूने जागा मिळवण्यासाठी मालकाला कायद्याबाहेरची आगाऊ रक्कम दिली होती आणि ती भाड्यातून वळती करून मागत होता. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हे दोघे समान दोषी नाहीत. एकाला डोक्यावर छप्पर हवं होतं आणि दुसऱ्याच्या हातात ते होतं. आम्हाला हा निकाल फार मोलाचा वाटतो. गरजेने दिलेलं आणि संधी साधून घेतलेलं, या दोहोंना एका मापाने मोजू नये. या मापाने आमचा कंपोझिटर कुठे आणि आम्ही कुठे, ते तुम्हीच ठरवा.

आता तरुण श्रोते म्हणतील, सर, पागडी तुमची. आम्ही तर अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहतो. तेव्हा तुमच्यासाठी थोडं. देवदत्त अजून रात्री जेवतोच आहे, फक्त ताट बदललं. करारात भाडं एक आणि रोखीत दुसरं. फोटोत दाखवलेली खोली एक, चावी मिळते ती दुसरी. डिपॉझिट घेताना चार महिन्यांचं, परत देताना रंगाचे, सफाईचे, दलालाचे पैसे कापून जे उरेल ते. आणि सोसायटी म्हणते, बाहेरचा भाडेकरू आहे, ‘मूव्ह-इन’चे वेगळे द्या.

यातलं पुष्कळसं कायद्याने बांधलेलं आहे. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. आणि फार महत्त्वाचं म्हणजे, लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. बघा, १९४७ च्या कायद्यात कागदाच्या अभावाचा फटका भाडेकरूला बसे. इथे तो मालकाकडे वळवला आहे. पाणी किंवा वीज तोडून जागा खाली करून घेता येत नाही. सोसायटीने भोगवटेतर शुल्क किती घ्यावं, तर २००१ च्या सरकारी आदेशाप्रमाणे सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत. आणि तेही सदनिकेच्या मालकाकडून. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घरासाठी डिपॉझिटची मर्यादा दोन महिन्यांच्या भाड्याची सुचवली आहे. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो. पण घासाघीस करताना दाखवायला हरकत नाही.

धोबी तलावाच्या लघुवाद न्यायालयात कधी गेलात तर व्हरांड्यात जरा उभे राहा. तिथे बसलेल्या म्हाताऱ्यांच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशव्या असतात आणि पिशवीत पावत्यांच्या गड्ड्या, दोऱ्याने बांधलेल्या. कुणाच्या आजोबांच्या नावाच्या, कुणाच्या सासऱ्यांच्या. ती माणसं खोटी नाहीत. त्यांच्याकडचा कागद अपुरा आहे, कारण पुरा कागद करायला कुणीतरी, कधीतरी, ‘पुढच्या महिन्यात’ म्हटलं होतं.

तेव्हा जाता जाता एवढंच सांगतो. रोख देऊ नका. द्यावी लागली तर लिहून घ्या. पावती ज्याच्या नावावर हवी त्याच्या नावावर आजच करून घ्या. आणि हे भाडेकरूंपेक्षा इतरांसाठी: तुमच्या घरातल्या कुणी अशी खोली दिली-घेतली असेल आणि तो जुना माणूस तुमच्या दाराशी साक्ष मागायला आला, तर ‘बघू’ म्हणू नका. तुमचा एक खरा शब्द म्हणजे त्याची हरवलेली पावती आहे.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि ज्यांच्या घरी जुन्या पावत्या असतील त्यांनी त्या फेकू नका, एवढी विनंती.